बुटक्या सिक्लिडसाठी पाणी: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले नेहमीचे प्रश्न

बुटके सिक्लिड म्हणजे नेमके कोणते मासे?

दुकानात 'रॅम', 'अपिस्टो', 'क्रिब' या नावांनी मिळतात ते. पूर्ण वाढले तरी बहुतेक दहा सेंटिमीटरच्या आतच राहतात. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांचेच भाऊबंद, पण हे दोन फुटी टाकीत जोडीने नांदतात. कूळ एक असले तरी मुलूख वेगवेगळे आहेत. ब्लू रॅम व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातल्या गवताळ माळांवरचा, अपिस्टोग्रामा दक्षिण अमेरिकेतल्या पानांनी भरलेल्या ओढ्यांमधले, क्रिबेन्सिस नायजेरियाकडचा आणि रिकाम्या शंखात घर करणारे मल्टी आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरातले. पहिल्या दोघांना मऊ पाणी लागते, शेवटच्याला खडखडीत जड. म्हणून 'सिक्लिडला कसले पाणी?' या प्रश्नाला एक उत्तर नाही.

आमच्याकडे नळ आहे, आड आहे आणि बोअरही आहे. टाकीत कोणते पाणी घालावे?

ते गावावर अवलंबून आहे, आणि आपल्या भागात तर वीस-पंचवीस मैलांत पाणी पार बदलते.

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे पाणी येते. राकसकोप मार्कंडेय नदीवर, हिडकल घटप्रभेवर. दोन्हींचे पाणलोट घाटाच्या बाजूचे, त्यामुळे हे पाणी सहसा मऊ ते मध्यम असते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, जमीन जांभ्या दगडाची आणि पाऊस दांडगा. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीलाच. तिथल्या आडांचे पाणी बरेचदा इतके मऊ असते की रॅम आणि आगासिझी या अपिस्टोसाठी वेगळे काहीच करावे लागत नाही. चिंता असली तर उलटी, पाणी फारच हलके असण्याची. तिची चर्चा पुढे आहे.

चिकोडी, रायबाग, अथणीकडे गेलात की काळी माती आणि तिच्याखाली काळा पाषाण लागतो. इथले बोअरचे पाणी जड. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, ते पाणी रॅमच्या कामाचे नाही, हे पाणी तपासायचे किट न वापरताही कळते. मल्टीसाठी मात्र तेच पाणी आयते तयार आहे. अथणीत बसून महिन्याला शेकडो लिटर आरओ पाणी तयार करून रॅम पाळण्यापेक्षा नळ उघडून मल्टी पाळणे कितीतरी स्वस्त आणि सुखाचे. आधी पाणी मोजा, मग मासा ठरवा. दुकानात आधी मासा आवडतो आणि नंतर पाण्याची खटपट सुरू होते. निम्मे मासे त्या खटपटीतच जातात.

ऊस-पट्ट्यात आणखी एक मोजमाप करावे लागते: नायट्रेट. खताचा निचरा विहिरी-बोअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, रॅमला २० च्या वर नको. मूळ पाण्यातच ४० असेल तर टाकीतले पाणी कितीही बदला, नायट्रेट चाळीसच्या खाली जाणार नाही.

काय काय मोजायचे? टीडीएस मीटर आहे, तो पुरत नाही का?

नाही. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार सांगतो, ते कोणते हे सांगत नाही. चुन्याचे चारशे आणि मिठाचे चारशे त्याला सारखेच. रोजची नजर ठेवायला तो छान, निर्णय घ्यायला अपुरा.

थेंब टाकून रंग पाहायचे द्रवाचे किट घ्या. पट्ट्या ओल बसली की खोटे बोलतात. सुरुवातीला पाच गोष्टी मोजा: पीएच, जीएच, केएच, अमोनिया, नायट्राइट. नायट्रेट सहावा. जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, केएच म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवणारे कार्बोनेट. किटमध्ये बहुधा एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल मिलिग्रॅममध्ये येतो. त्यात 'एकूण काठिण्य ३५६' असेल तर १७.८ ने भागा: जीएच २०.

बोअर किंवा आडाचे ताजे पाणी लगेच मोजू नका. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, म्हणून उपसल्या-उपसल्या पीएच ६.८ दिसेल. तेच पाणी बादलीत एअर स्टोन (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून २४ तास ठेवले की ७.८ सुद्धा होते. खरा आकडा दुसरा. पहिला आकडा बघून 'आमचे पाणी रॅमला योग्य' असे ठरवणारे बरेच भेटतात.

कोणत्या माशाला किती लागते?

हे आकडे फार्मवर वाढलेल्या माशांचे आहेत, आपल्याकडे मिळतात ते तसेच असतात.

ब्लू रॅम, त्यातच सोनेरी आणि इलेक्ट्रिक ब्लू: तापमान २७ ते ३० अंश, पीएच ५.५ ते ७, जीएच ६ पर्यंत.

अपिस्टोग्रामा आगासिझी: २५ ते २८ अंश, पीएच ५.५ ते ६.८, जीएच ५ पर्यंत.

अपिस्टोग्रामा काकाटुओइडिस, म्हणजे दुकानातला 'काकाटू': २४ ते २७ अंश, पीएच ६ ते ७.५, जीएच १२ पर्यंत चालतो. अपिस्टो पहिल्यांदाच पाळत असाल तर हाच घ्या.

अपिस्टोग्रामा बोरेल्ली: २२ ते २६ अंश, पीएच ६ ते ७.५. पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला असल्याने थंडी सोसतो. बेळगावच्या हवेला सगळ्यात मानवणारा अपिस्टो.

बोलिव्हियन रॅम: २४ ते २७ अंश, पीएच ६.५ ते ७.५, जीएच १२ पर्यंत. रंगाने ब्लू रॅमहून फिका, तब्येतीने दसपट चिवट.

क्रिबेन्सिस: २४ ते २७ अंश, पीएच ६ ते ७.५, जीएच १५ पर्यंत.

मल्टी आणि इतर शंखवासी: २४ ते २७ अंश, पीएच ८ ते ९, जीएच आणि केएच दोन्ही १० च्या वर. शंख विकत आणायची गरज नाही. भातशेतीत सापडणाऱ्या मोठ्या गोगलगायीचे रिकामे शंख उकळून, आतला मळ काढून वापरा. माशागणिक दोन तरी हवेत.

आकडा मधोमध असलाच पाहिजे असे नाही. पण तो रोज हलता कामा नये. पीएच ७.४ वर महिनोन्‌महिने स्थिर असलेल्या टाकीत काकाटू अंडी घालतो; सोमवारी ६.४ आणि गुरुवारी ७.४ असलेल्या टाकीत पंख मिटून कोपऱ्यात बसतो.

बोअरचा जीएच २२ आहे आणि रॅमच पाळायचे आहेत. पाणी मऊ कसे करू?

आरओचे पाणी मिसळून. हिशेब सोपा आहे: हवा असलेला जीएच भागिले बोअरचा जीएच, गुणिले एकूण लिटर. ४० लिटर पाणी जीएच ५.५ चे हवे, बोअर २२ चा. ५.५ ÷ २२ = पाव. म्हणजे १० लिटर बोअरचे, ३० लिटर आरओचे. बोअरचा केएच १६ असेल तर मिश्रणाचा ४ येईल, तोही रॅमला ठीक. आरओच्या पाण्याचा जीएच अगदी शून्य नसतो, म्हणून मिसळल्यावर एकदा थेंब टाकून खात्री करा.

घरच्या पिण्याच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते. ते चव येण्यासाठी थोडे मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळते. कंट्रोलरचा स्क्रू पूर्ण बंद करा, किंवा मिनरल कार्ट्रिजच्या आधी टी-जोड लावून तिथून पाणी घ्या. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते. ते मोरीत सोडण्यापेक्षा फरशी पुसायला, संडासाला वापरा. मल्टीची टाकी असेल तर तिलाही चालेल, फक्त त्याचा नायट्रेट आधी तपासा, कारण आरओच्या झिल्लीने (मेम्ब्रेनने) अडवलेले सगळे त्याच पाण्यात उतरते.

अपार्टमेंटच्या गच्चीवर मिठाची पोती लागणारा सॉफ्टनर असतो, त्यावर विसंबू नका. तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, किटवर जीएच शून्य दिसतो, पण क्षारांचा भार तेवढाच राहतो. टीडीएस मीटरचा आकडा जागचा हलत नाही, त्यावरून ओळखा. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे पाणी घेऊन आरओशी मिसळा.

पाणी उकळून थोडा जडपणा जातो, भांड्याला चिकटलेला पांढरा थर तोच. पण उरलेला जात नाही, आणि पन्नास लिटर पाणी उकळायला गॅस कोण जाळणार?

पीएच कमी करायला लिंबू, व्हिनेगर किंवा बाटलीतले 'पीएच डाऊन' घातले तर?

केएच १६ च्या पाण्यात आम्ल घातले की तासाभरात पीएच खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा होता तिथे चढतो, कारण कार्बोनेट अजून शिल्लक आहे. तुम्ही पुन्हा घालता, तो पुन्हा चढतो. मासा या झोक्यावर बसलेला असतो. एखाद्या दिवशी कार्बोनेट संपते आणि त्याच मापाच्या आम्लाने पीएच एकदम पाचाखाली कोसळतो. लिंबू-व्हिनेगरची गत याहून वाईट: सेंद्रिय आम्लावर जिवाणू माजतात, पाणी दुधट होते, प्राणवायू घटतो. पीएचच्या मागे लागू नका. आरओ मिसळून केएच ३-४ वर आणा, पीएच आपोआप खाली बसतो.

बदामाच्या पानांचा खरेच उपयोग होतो का?

होतो, पण पाणी आधी मऊ असेल तर. रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात असतो तो देशी बदाम. त्याची आपोआप गळलेली, तांबूस-तपकिरी, पूर्ण वाळलेली पाने घ्या. हिरवी किंवा अर्धवट पिवळी नकोत, ती कुजतात. धूळ धुवा, रात्रभर भिजवा, ४० लिटरला एक मोठे पान घाला. तीन-चार आठवड्यांत जाळी होते, तेव्हा नवे टाका. पाण्याला चहासारखा रंग येतो, बुरशी आणि जिवाणू थोडे आटोक्यात राहतात, पिल्लांना पानांवरचे सूक्ष्म जीव खायला मिळतात. केएच १० च्या वर असेल तर रंग येईल, पीएच हलणार नाही. हमरस्त्यालगतच्या किंवा औषध फवारलेल्या झाडाची पाने घेऊ नका.

खानापूरकडच्या आडाचे पाणी आहे, केएच शून्य किंवा एक. मासे महिनाभर छान होते, मग एका रात्रीत गेले. का?

पीएच कोसळला. टाकीतले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना कार्बोनेट खातात. केएच आधीच एक, तो तीन-चार आठवड्यांत संपतो, आणि मग पीएच सहाच्या, पाचाच्या खाली घसरतो. तिथे ते जिवाणूही सुस्तावतात, अमोनिया साठू लागतो.

यात एक फसवी गोष्ट आहे. आम्लीय पाण्यात तो अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो. २७ अंशाला पीएच ६.५ असताना हजारात दोनच भाग विषारी, पीएच ८ ला शंभरात सहा. म्हणजे मासे कसेबसे तग धरून असतात. मग घाबरून कोणी अर्धी टाकी बोअरच्या पाण्याने बदलतो, पीएच झटक्यात चढतो, आणि साठलेल्या अमोनियाचा विषारी भाग तासाभरात कैक पट होतो. मासे 'पाणी बदलल्यावर' मेले असे वाटते. अशा वेळी आधी अमोनिया मोजा, आणि पाणी बदला ते जुन्या पीएचच्या जवळचे, दहा-दहा टक्के करून.

केएच २ च्या खाली जाऊ देऊ नका. खाण्याचा सोडा १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच साधारण एक अंश वाढतो. कपभर पाण्यात विरघळवून घाला, दिवसाला एक अंशापेक्षा जास्त नाही. फिल्टरमध्ये पातळ पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवला तर तो पाणी आम्लीय होईल तसतसा झिरपत राहतो. रोजच्या तोल सांभाळण्याला ही युक्ती सोड्यापेक्षा बरी.

जांभ्या भागातल्या काही आडांत लोह असते: पाणी काढताना निर्मळ, बादलीत राहिले की तळाला तांबूस साका. एअर स्टोन लावून २४ तास ठेवा, साका बसू द्या, वरचे पाणी सुती कापडातून गाळून घ्या. तसेच घातले तर लोह माशांच्या कल्ल्यांवर बसते.

पावसाचे पाणी चालेल का?

खानापूर-बेळगाव पट्ट्यात तर याहून स्वस्त मऊ पाणी नाही. १०० चौरस फूट छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ९० लिटर. जुलैत एका रात्रीत ड्रम भरतात.

जूनचे पहिले तीन-चार मोठे पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या. मंगळूरी कौलांचे पाणी चांगले. गंजक्या पत्र्याचे, ॲस्बेस्टॉसचे आणि डांबर फासलेल्या गच्चीचे नको. आणखी एक बरे आहे की साखर कारखान्यांचा गळीत हंगाम पावसाळ्यात नसतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या पावसात काजळी कमी येते. अवकाळीचे पाणी मात्र साठवू नका. खाद्यपदार्थांचा, झाकणाचा, निळा किंवा काळा ड्रम घ्या. पांढरट पारदर्शक ड्रमात शेवाळ धरते. तोंडाला पातळ कापड बांधा, नाहीतर डासांची पैदास तुमच्या घरी.

या पाण्यात केएच शून्य असतो. नुसते वापराल तर वरच्या प्रश्नातली अवस्था होईल. बोअर किंवा नळाचे पाणी मिसळून केएच २-३ करा, मग टाकीत घाला. नव्या सिमेंटच्या टाकीत साठवू नका. चुना सुटून पीएच नऊच्या वर जातो.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. एक रात्र ठेवले की झाले ना?

उघड्या रुंद भांड्यात एअर स्टोन लावून २४ तास ठेवले तर झाले. छपरावरच्या झाकलेल्या टाकीत नाही. शहराच्या ज्या भागांत चोवीस तास पाणी आहे तिथे नळ सोडला की ताजे क्लोरीन येते. जिथे चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि हौदात साठते, तिथे ते बरेचसे उडून गेलेले असते. त्यामुळे शेजाऱ्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

पावसाळ्यात पाणी गढूळ होते, मग क्लोरीनचे प्रमाण वाढते, आणि गावात आडांमध्येही ब्लीचिंग पावडर पडते. त्या आठवड्यात न मोजता पाणी बदलू नका. हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. २० लिटरच्या बादलीला यातले २ मिलिलिटर. ब्लीचिंगचा उग्र वास असेल तर ४. थोडे जास्त झाले तरी बिघडत नाही. इंजेक्शनच्या सुईविना सिरिंजने मोजा, 'अंदाजे चिमूटभर' नको.

गढूळ पाणी निवळायला घागरीत तुरटी फिरवायची सवय आहे. टाकीच्या पाण्यात ती नको. तुरटी केएच खाते, पीएच उतरवते, आणि मऊ आम्लीय पाण्यात ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधते. कापडाने गाळा, बसू द्या.

बेळगावच्या हवेत हीटर लागतोच का?

ब्लू रॅमला लागतोच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो, घरातली टाकी २० पर्यंत उतरते. रॅम २४ ला मरत नाही, पण खाणे सोडतो आणि आठ-पंधरा दिवसांत कुठला तरी रोग धरतो. लिटरला एक वॅट धरा, बाहेरच्या भिंतीलगत किंवा पत्र्याच्या घरात दीड. ५६ लिटरच्या दोन फुटी टाकीला ७५ वॅटचा पुरतो. हीटरवरचे आकडे दोन-तीन अंशांनी चुकतात, वेगळा थर्मामीटर ठेवा. बोरेल्लीला आणि बोलिव्हियन रॅमला साधा ५० वॅटचा बास.

वीज गेली की तापमानाआधी प्राणवायूची काळजी करा. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. टाकीला तिन्ही बाजूंनी घोंगडी किंवा थर्माकोल लावला तर तीन-चार तासांत फार उतरत नाही. गरम पाणी थेट ओतू नका, बाटलीत भरून तरंगत ठेवा.

उन्हाळ्यात अथणी-रायबागकडे टाकी ३२-३३ ला पोचते. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरते. पाणी तापले की प्राणवायू कमी मावतो, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर असल्याने मुंबईच्या मानाने इथे तो मुळातच आठेक टक्के कमी मावतो. रॅमच्या तीस अंशी टाकीत म्हणूनच पृष्ठभाग हलता ठेवणारा फिल्टर हवा.

सगळे बरोबर केले तरी जीएच दर महिन्याला वाढतो. कुठून?

तीन जागा तपासा.

पहिली, तळ आणि दगड. शहाबादी फरशीचे तुकडे रचून सुंदर गुहा होते, पण शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. संगमरवराचे पांढरे खडेही तसेच. कृष्णाकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि मातीतले चुनखडे येतात. वाळलेल्या दगडावर संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका, हातमोजे घालून आणि उघड्यावर. फसफसला तर मल्टीच्या टाकीत, रॅमच्या नाही. व्हिनेगरवर विसंबू नका, ते कमजोर असल्याने मंद दगड सुटून जातात. काळा पाषाण, नदीतले गोटे, जांभा सहसा चालतात. गुहेला सर्वांत सोपे म्हणजे कुंभाराकडची न रंगवलेली छोटी कुंडी, तोंडाशी फोडून. बांधकामाची क्रश सँड नको: ती धारदार असते, आणि अपिस्टो वाळू तोंडात घेऊन चाळतो.

दुसरी, वाफ. उघड्या १०० लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज लिटरभर पाणी उडते. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. रोज जीएच २० च्या बोअरने भर घातलीत तर महिन्यात ३० लिटर, म्हणजे जीएच ६ अंशांनी वर. भर घालायची ती आरओची किंवा पावसाची. बोअर मिसळायचे ते फक्त पाणी बदलताना.

तिसरी, आरओची झिल्ली. जुनी झाली की मुकाट्याने क्षार सोडते. महिन्यातून एकदा टीडीएस बघा. २५ चा ८० झाला की झिल्ली बदला.

पाणी किती आणि केव्हा बदलायचे?

आठवड्याला २० ते २५ टक्के. ब्लू रॅमला दोनदा १०-१५ टक्के जास्त मानवते. नवे पाणी टाकीच्या तापमानाच्या एक अंशात आणा. पिल्ले असतील तर थेंबनळीने घाला.

नवी टाकी लावली, दुसऱ्या दिवशी रॅम सोडले तर?

चार दिवसांनी दुकानात पुन्हा याल. टाकीला अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माशांविना तयार करायची असेल तर ५० लिटरला ०.३ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घाला. हाच आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात भेसळ असते. अमोनिया लिटरला साधारण २ मिलिग्रॅम येतो. तो २४ तासांत शून्य होऊन नायट्राइटही शून्य आला की टाकी तयार. हे करताना केएच ४ च्या वर ठेवा, नंतर उतरवा. चालू टाकीतला स्पंज पिळून त्याचा गाळ नव्या फिल्टरवर ओतला तर निम्मा वेळ वाचतो.

टाकी जुनी आहे, तरी आणलेला रॅम आठवड्यात मरतो. दुकानदार म्हणतो 'पाण्यात मीठ टाका'.

मीठ टाकू नका. मऊ पाण्याच्या माशाला नेहमीचे मीठ म्हणजे क्षारांचा आणखी भार. मीठ हे ठरावीक दुखण्यावरचे ठरावीक दिवसांचे औषध आहे.

कारणे बहुधा दोन. एक: मासा मुंबई, कोलकाता किंवा चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणाहून, निरनिराळ्या पाण्यांतून, पाच-सहा दिवस उपाशी प्रवास करून आलेला असतो. भडक रंगासाठी संप्रेरके दिलेला असेल तर तो मुळात अशक्तच. दुकानात येऊन दहा दिवस झालेला, तुमच्यासमोर खाणारा मासा घ्या. आज पार्सल आले असेल तर आज नको. दोन: पिशवीतले पाणी आणि टाकीचे पाणी यांत मोठी दरी. पिशवीचा टीडीएस मोजा. १५० वरून ५०० च्या टाकीत, किंवा उलटही, पिशवी पंधरा मिनिटे तरंगवून सोडला तर मासा त्या दिवशी ठीक दिसतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातो. बादलीत मासा ठेवा, सलाइनच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, दीड-दोन तास. दरी तिपटीहून मोठी असेल तर वेगळ्या छोट्या टाकीत दुकानासारखे पाणी करून आठवडाभरात हळूहळू बदला.

अंडी घालतात पण पांढरी पडतात.

आगासिझी आणि ब्लू रॅमच्या बाबतीत पहिला संशय जडपणावर घ्या. जड पाण्यात अंड्याचे कवच आणि फलन दोन्ही बिघडते. जीएच ४ च्या आत आणा. काकाटू, क्रिब यांना ६ ते ८ लाही जमते. जीएच बरोबर असूनही पांढरी पडत असतील तर नर नवखा असेल, दोन-तीन वेळा वाट पाहा.

पिल्ले एकाच लिंगाची निघाली तर तापमान आणि पीएच बघा. अपिस्टोंमध्ये पहिल्या काही आठवड्यांचे तापमान लिंगाचे प्रमाण हलवते, हे १९९६ मध्ये र्‍योमर आणि बाइसेनहेर्झ यांनी दाखवले: गरम पाण्यात नर जास्त, थंड पाण्यात माद्या. मध्य धरायचा तर २६ अंश. क्रिबमध्ये पीएचचा परिणाम ठळक: आम्लीय पाण्यात नर, ७ च्या आसपास माद्या जास्त.

गणपतीला आठ दिवस गावी जायचे आहे. टाकीचे काय?

मोठे निरोगी मासे आठ दिवस उपाशी सहज राहतात. शेजाऱ्यांना खाणे घालायला सांगू नका. प्रेमाने मूठभर घालतात आणि पाणी बिघडते. निघण्याच्या दोन दिवस आधी २० टक्के पाणी बदला, निघायच्या दिवशी नाही, म्हणजे काही बिघडले तर तुम्ही घरी असाल. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा. केएच ३ आहे ना बघा. टाकीवर काच झाका म्हणजे भर घालावी लागणार नाही. शेजाऱ्यांना फक्त एक काम सांगा: वीज जाऊन आली की फिल्टर पुन्हा सुरू झाला का ते पाहायचे, आणि नसेल तर प्लग काढून परत लावायचा.